रामटेक ते एमबीए : ‘पॅकेज’च्या आकड्याआड दडलेले प्रश्न

पदवीचा निकाल हाती आला की रामटेक तालुक्यातील तरुणांपुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. पुढे काय? स्पर्धा परीक्षांचा भरवसा नाही आणि घरच्या धानशेतीवर भागत नाही. अशा वेळी अनेकांची नजर नागपुरातील एमबीएकडे वळते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, नावापुढे पदव्युत्तर पदवी आणि कॅम्पस मुलाखतीतून नोकरी, असे हे गणित वरवर सोपे दिसते. मात्र ‘एमबीए’ या एकाच नावाखाली परस्परांहून अगदी वेगळे भवितव्य देणारे अभ्यासक्रम चालतात आणि त्यांतील फरक विद्यार्थ्याला बहुधा प्रवेशानंतरच कळतो.

रामटेकला शिक्षणाची परंपरा नवी नाही. येथे १९८५ मध्ये कविकुलगुरू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स हे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९९७ मध्ये कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ स्थापन झाले. लोकसभेत १९८४ आणि १९८९ च्या निवडणुकांत रामटेकचे प्रतिनिधित्व मिळवणारे पी. व्ही. नरसिंह राव १९९१ मध्ये पंतप्रधान झाले आणि त्यांच्या सरकारने अर्थव्यवस्थेची दारे खुली केली. खासगी क्षेत्र विस्तारले आणि व्यवस्थापनाच्या पदवीला देशभर मागणी आली. मात्र ज्या तालुक्याने हा खासदार दिल्लीला पाठवला, त्याचे अर्थकारण आजही मुख्यतः धान, पानमळे, मनसरची मँगनीज खाण आणि गडमंदिर, खिंडसी व पेंचचे पर्यटन यांभोवतीच फिरते. येथील एमबीएधारकाला नोकरीसाठी नागपूर, नाही तर पुणे-मुंबई गाठावीच लागते.

प्रवेश सोपा, मुलाखत कठीण

नागपुरात व्यवस्थापन शिक्षणाच्या दोन वाटा आहेत. एक राष्ट्रीय स्पर्धेची. भारतीय व्यवस्थापन संस्था अर्थात आयआयएम २०१५ मध्ये शहरात आली आणि २०२२ मध्ये मिहानमधील स्वतःच्या परिसरात स्थिरावली. तेथील प्रवेश ‘कॅट’ या देशव्यापी परीक्षेवर आधारलेला असल्याने ही संस्था नागपुरात असली, तरी नागपूरकरांसाठी राखीव नाही. दुसरी वाट राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांकडे जाणारी ही वाट रामटेकच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांची असते.

या वाटेवरचे प्रवेशद्वार रुंद आहे. पदवीला ५० टक्के, तर राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण आणि प्रवेश परीक्षेत शून्याहून अधिक गुण एवढी किमान पात्रता असते. जागा रिकाम्या असतील, तर फारसे गुण नसतानाही प्रवेश मिळू शकतो. खरी चाळणी लागते ती दोन वर्षांनी, नोकरीच्या मुलाखतीत. तेथे इंग्रजीतील संवाद, आकडेमोडीची सवय आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव पाहिला जातो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याकडे बुद्धी कमी नसते. परंतु व्याख्याने, सादरीकरणे आणि केस स्टडी सारे इंग्रजीत असताना भाषेसाठी वेगळे साहाय्य मिळाले नाही, तर तो मागच्या बाकावर ढकलला जातो.

अंतराचाही मुद्दा आहे. रामटेक ते नागपूर सुमारे ५० किलोमीटर. खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च वाचवण्यासाठी रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचे तीन-चार तास प्रवासातच जातात. व्यवस्थापनाचे बरेचसे शिक्षण वर्गानंतरच्या गटचर्चा आणि प्रकल्पांतून घडते. परतीची बस गाठण्याच्या घाईत नेमके तेच हुकते.

सरासरी फसवी, मध्यक बोलका

जाहिरातीत झळकतो तो सर्वोच्च किंवा सरासरी पॅकेजचा आकडा. समजा, दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना वार्षिक तीन लाख आणि एकाला तेरा लाख मिळाले. सरासरी चार लाख भरते, पण नऊ जणांच्या हाती तेवढे पडत नाहीत. म्हणून मध्यक वेतन, म्हणजे रांगेत मधोमध उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा पगार विचारला पाहिजे. केंद्राच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना हा आकडा द्यावा लागतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतो. सोबत आणखी दोन प्रश्न हवेत. नोकरी मिळालेले एकूण तुकडीपैकी किती? आणि काम कोणते? विमा, कर्जवितरण वा वसुलीत महिन्याचे लक्ष्य गाठणे हे कमी प्रतीचे काम नव्हे. पण ते पदवीधरालाही मिळू शकत असेल, तर दोन वर्षांच्या शुल्काने नेमके काय मिळवून दिले, हे तपासायला हवे.

कर्जाचा हिशेबही मांडून पाहावा. चार लाखांचे शैक्षणिक कर्ज ११ टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,८५० रुपये होतो. शिक्षणकाळातील व्याज वेगळेच. पुण्यात २० हजारांवर नोकरी लागली, तर भाडे, जेवण आणि हप्ता भागवून घरी पाठवायला काय उरणार? शुल्क सवलतींची माहिती म्हणूनच मोलाची ठरते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. मात्र अशा सवलती केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांनाच मिळतात. व्यवस्थापन कोट्यातून घाईने घेतलेला प्रवेश त्यामुळे महाग पडतो.

दोष केवळ विद्यार्थ्यांच्या निवडीचा नाही. मँगनीज उत्खनन करणाऱ्या ‘मॉईल’चे मुख्यालय नागपुरात आहे, भातगिरण्या पूर्व विदर्भात आहेत आणि पेंचचे पर्यटन तर रामटेकच्या दारात आहे. तरीही उन्हाळी प्रशिक्षण प्रमाणपत्रापुरते उरकले जात असेल, तर ती संस्थांची उणीव मानावी लागेल. धानाच्या साठवणुकीचा, गिरणीच्या खर्चाचा वा निवासी पर्यटनाच्या विक्रीचा प्रश्न हाती घेऊन दोन महिने राबलेला विद्यार्थी मुलाखतीत पाठ केलेली उत्तरे देणार नाही. विद्यापीठाने अशा प्रकल्पांना अभ्यासक्रमात खरे वजन द्यावे आणि महाविद्यालयांनी मध्यक वेतन प्रवेशपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापावे. कर्जाच्या अर्जावर सही करणाऱ्या पालकाला एवढी माहिती आधी मिळणे हा त्याचा हक्कच आहे.