आंब्यावरील आमरी : तिला बांडगूळ समजूं नका

या मासिकांत भात, आंबा, सुपारी यांखेरीज दुसऱ्या विषयास जागा मागणें थोडें धाडसाचें आहे, हें आम्ही जाणतों. त्यांतून आमचा आजचा विषय म्हणजे ज्याचें खळ्यावर माप होत नाहीं असें एक फूल. तथापि तें फूल आपल्याच झाडावर येतें, आपल्याच कोयत्यानें नाहींसें होतें, आणि तें पाप आपण केवळ एका गैरसमजामुळें करतों. म्हणून ही गोष्ट शेतकरी बंधूंपुढें मांडणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

पालीहून सरसगडाच्या पायथ्यानें किंवा अंबा नदीच्या कांठानें जुन्या आमरायांतून ज्येष्ठाच्या सुमारास फिरणारास रायवळ आंब्याच्या बेचक्यांतून लोंबणारे फुलांचे घोस आढळतात. वीतभर लांबीचा घोस, पांढऱ्या फुलांवर गुलाबी-जांभळे ठिपके, आणि एकूण आकार एखाद्या मुलीच्या वेणीसारखा. यासच आपण सीतेची वेणी म्हणतों. आमरी म्हणून जो मोठा वनस्पतिवर्ग आहे, ज्यास इंग्रजी शिकलेले लोक ऑर्किड म्हणतात, त्यांतीलच ही एक. याच फुलास आसामांत कोपौ फूल म्हणतात; तिकडील मुली बिहूच्या सणांत तें केसांत माळतात, आणि तें त्या राज्याचें राज्यपुष्प आहे. जें फूल एका प्रांतानें आपल्या मानाचें चिन्ह केलें, तेंच आपण कोंकणांत बांडगूळ म्हणून खरवडून टाकतों, हा केवढा विपर्यास!

बांडगूळ आणि आमरी यांतील भेद एकदां नीट समजून घेतला पाहिजे. बांडगूळ हें खरें चोर आहे. त्याचें चिकट फळ लहान पक्षी खातात, बी फांदीस चिकटतें, तेथेंच रुजतें, आणि त्याची मुळी सालीखालीं शिरून झाडाच्या काष्ठांतील पाणी व क्षार ओढून घेते. त्या ठिकाणीं फांदी गांठीसारखी फुगते आणि पुढचा भाग हळूहळू वाळत जातो. अशी फांदी बांडगुळाच्या बऱ्याच खालून, आणि त्यास फळ धरण्यापूर्वींच कापावी. नुसता पाला खुडल्यास तें पुन्हां फुटतें.

आमरीची गोष्ट निराळी. तिचीं मुळें सालीवर पसरतात, सालीच्या आंत शिरत नाहींत. त्या मुळांवर मृत पेशींचें स्पंजासारखें वेष्टण असतें व तें पावसाचें आणि दंवाचें पाणी टिपून घेतें. म्हणूनच कोरडें असतां मूळ रुपेरी दिसतें व भिजतांच हिरवें होतें. पाणी, वाऱ्यानें आलेली धूळ, बेचक्यांत कुजलेला पाला, एवढ्यावर तिचा निर्वाह होतो. बांडगूळ घरांत शिरून कणगीस भोंक पाडतें; आमरी ओटीवर बसते आणि पागोळीचें पाणी पिते. ज्या फांदीवर उघडीं, रुपेरी मुळें सालीस चिकटलेलीं किंवा हवेंत लोंबतांना दिसतील, तेथें कोयता थांबवावा, एवढी खूण ध्यानांत ठेवली तरी पुरे.

ही चूक आम्हीं स्वतः केलेली आहे. आमच्या परसांतील जुन्या आंब्यावरील बांडगुळें काढण्यास गडी लावला असतां, आम्हीं खालीं उभे राहून बोटानें दाखवीत गेलों आणि त्यानें बांडगुळाबरोबर सीतेच्या वेणीचे सारे गड्डेही उतरविले. खालीं पडलेला ढीग आम्हीं शेकोटींत घातला. त्यामुळें आंब्याचें उत्पन्न एका फळानेंही वाढलें नाहीं. पुढील ज्येष्ठांत मात्र घरांतील वडील माणसांनीं विचारलें, “यंदां फुलें कां दिसत नाहींत?” त्यावर आम्हांजवळ उत्तर नव्हतें. त्या गोष्टीस पुष्कळ वर्षें लोटलीं, तरी त्या झाडावर आमरी परत आलेली नाहीं.

ती परत कां येत नाहीं, याचें कारण शास्त्रज्ञांनीं शोधलें आहे. आमरीच्या एका बोंडांत हजारों बिया असतात, पण त्या धुळीइतक्या बारीक, आणि त्यांत अंकुराच्या पोषणापुरतीही शिदोरी नसते. १८९९ सालीं नोएल बर्नार नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, विशिष्ट जातीची सूक्ष्म बुरशी बीजाशीं जोडली जाऊन त्यास अन्न पुरवील तेव्हांच तें रुजतें. म्हणजे हजारों बियांपैकीं एखादीस योग्य साल, योग्य ओल व योग्य बुरशी लाभावयाची, आणि मग तें रोप फुलावर येण्यास कित्येक वर्षें लागावयाचीं. कोयत्याचें काम एका क्षणाचें. निसर्गाचें काम एका पिढीचें.

परंतु खरवडण्यापेक्षांही मोठा घात झाड तोडल्यानें होतो. ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. त्या वेळीं आम्ही महसूल खात्यांत कारकून होतों, आणि पडलेल्या झाडांच्या याद्या आमच्या हातांखालून गेल्या. आंबा इतके, नारळ इतके, सुपारी इतक्या, असे रकाने भरत होतों. सीतेच्या वेणीचे दिवस ते. उन्मळलेल्या आंब्यांवर घोस तसेच फुललेले होते. त्यांस कोणत्याही नमुन्यांत रकाना नव्हता, आणि तो असावा असें आमचें म्हणणेंही नाहीं. परंतु लांकूड वखारींत जाण्यापूर्वीं त्या आमऱ्या उचलून उभ्या झाडांवर बांधाव्या, हें आम्हांपैकीं एकासही सुचलें नाहीं, ही रुखरुख अजून मनांत आहे. त्यास खर्च एका सुतळीच्या गुंड्याचा होता.

वादळ तरी दैवाधीन. पण वादळाशिवायही जुने रायवळ दरसाल पडत आहेत. जळणाला व खोक्यांच्या फळ्यांना लांकूड हवें असतें, व्यापारी दारीं येतो, आणि शंभर वर्षांचें झाड चार दिवसांत नाहींसें होतें. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचींत आंबा आहे; परवानगीवांचून तो तोडतां येत नाहीं. तथापि आम्ही कायद्याचा बडगा दाखवीत नाहीं, शेतकऱ्याच्या हिताचेंच बोलतों. कोणी म्हणेल, “रायवळाचें उत्पन्न तें काय? त्या जागीं हापूसचीं कलमें लावूं.” कलमें अवश्य लावावीं. पण कोयकलमास कोयी लागतात त्या या रायवळाच्याच. शिवाय बांधावरील एक जुनें झाड कलमांस वाऱ्याचा आडोसा देतें. नव्या बागेंतील छाटलेलीं, फवारलेलीं, बुटकीं झाडें आमरीस घर देऊं शकत नाहींत. तिला जुनी, खरबरीत, ओल धरणारी साल लागते. ती आंब्यास, फणसास, जांभळास, ऐनास असते.

आतां घरीं आमरी पाळण्याविषयीं. हा छंद शहरांतील श्रीमंतांचा आहे, अशी एक समजूत आहे. खरें पाहतां आपल्याइतकी सोय त्यांस नाहीं. शंभर इंचांहून अधिक पाऊस, दमट हवा आणि दारांत आंब्याचें झाड, याहून आमरीस अधिक काय पाहिजे? मोडून पडलेल्या फांदीवरील किंवा आपल्या हद्दींत तोडल्या जाणाऱ्या झाडावरील आमरी सालीच्या तुकड्यासह अलगद सोडवावी. मृगाच्या पावसाच्या तोंडाशीं ती उभ्या झाडाच्या बेचक्यांत, सकाळचें कोंवळें ऊन लागेल व दुपारचें टळेल अशा बाजूस, काथ्यानें किंवा जुन्या धोतराच्या पट्टीनें घट्ट बांधावी. तार वापरूं नये. ती मुळांसही कापते व फांदीसही. माती मुळींच लावूं नये. पावसाळा संपेपर्यंत मुळें सालीस धरूं लागतात. एकदां बसल्यावर तिला पुन्हां हलवूं नये.

कुंडींतच लावावयाची असेल तर तिला पुष्कळ भोंकें असावीं, आणि आंत लांकडी कोळसा व विटेचे तुकडे भरावे. नारळाचें सोडण फार वापरूं नये. कोंकणच्या पावसांत तें पाणी धरून राहतें व मुळें कुजतात. आमऱ्या जितक्या तहानेनें मरतात त्याहून अधिक पाण्यानें मरतात, असा आमचा अनुभव आहे. पाणी सकाळीं द्यावें, पानांच्या गाभ्यांत सांठूं देऊं नये, आणि मुळें रुपेरी झाल्याशिवाय पुन्हां देऊं नये. पाण्यांत विरघळणारें खत, एकोणीस-एकोणीस-एकोणीस म्हणून मिळतें तें, पिकास देतों त्याच्या चौथाईहून पातळ करून, वाढीच्या दिवसांत पंधरवड्यास एकदां पुरे होतें.

दोन गोष्टी आपल्या भागांत विशेष ध्यानांत ठेवाव्या. एक, आपल्याकडील डेंड्रोबियम जातीच्या आमऱ्या पावसाळ्यानंतर पानें टाकतात आणि नुसत्या कांड्या उरतात. झाड मेलें असें समजून पुष्कळ जण तें फेंकतात, किंवा पाण्याचा मारा करतात. ती तिची झोंप आहे. पाणी तोडून तिला स्वस्थ राहूं द्यावें. हिवाळ्याच्या अखेरीस त्याच उघड्या कांड्यांवर पांढरीं फुलें येतात. दुसरी गोष्ट, कोळेरोगासाठीं सुपारीवर आपण बोर्डो मिश्रण मारतों, त्याचा तुषार आमरीवर येऊं देऊं नये. मोरचूद कित्येक आमऱ्यांस, विशेषतः डेंड्रोबियमास, बाधतो. सुपारीच्या खालीं आमरी टांगली असेल तर फवारणीपूर्वीं ती दूर करावी.

यांतून पैसा मिळेल काय, असा प्रश्न शेतकरी बंधू विचारतील, आणि तो विचारणें योग्यच आहे. त्यावर आमचें उत्तर सरळ आहे. बाजारांत जीं डेंड्रोबियमाचीं जांभळीं फुलें दिसतात, तीं संकरित जातींचीं असून सावलीच्या जाळ्याखालीं भांडवल घालून पिकविलेलीं असतात. १९२२ सालीं अमेरिकेंत नडसन यानें साखरेच्या पोषक द्रावणावर बुरशीशिवाय आमरीचें बी रुजविलें. १९६० च्या सुमारास मोरेल यानें कोंबाच्या टोंकापासून रोपें करण्याची रीत दाखविली. तेव्हांपासून हा स्वतंत्र धंदा झाला. ज्यास तो करावयाचा असेल त्यानें प्रथम आपलें पाणी, वीज आणि बाजार पाहावा. व्हॅनिला ही देखील आमरीच. तिचें फूल हातानें फळविण्याची सोपी युक्ति १८४१ सालीं रीयूनियन बेटांतील एडमंड आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें काढली. आपल्या देशांत २००३ च्या सुमारास तिचा भाव आभाळास भिडला, तो पाहून केरळ-कर्नाटकांत अनेकांनीं लागवड केली, आणि थोड्याच काळांत भाव कोसळला. म्हणून उत्पन्नाच्या आशेनें कोणीं यांत उडी घालावी असें आम्ही सांगत नाहीं. दारांतल्या तुळशीचा आपण जमाखर्च मांडीत नाहीं. आमरीचाही मांडूं नये.

उलट एका प्रकारच्या कमाईस आमचा स्पष्ट विरोध आहे. कांहीं लोक जंगलांतून आमऱ्यांचे गड्डे ओरबाडून शहरांतील हौशी मंडळींस विकतात. राखीव वनांतून अशा वस्तु नेणें हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वयें गुन्हा आहे, आणि आंतरराष्ट्रीय करारान्वयें सर्व आमऱ्यांच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत. पण कायदा बाजूस ठेवला तरी हिशेब पाहा : ओरबाडलेल्यांपैकीं बहुतेक वाटेंत किंवा एका वर्षांत मरतात. ज्यास विकत घ्यावयाची आहे त्यानें रोपवाटिकेंत वाढविलेलें रोप घ्यावें. मागणारा नसेल तर ओरबाडणाराही राहणार नाहीं. छंद करणाराची जबाबदारी येथेंच सुरू होते.

शेवटीं आमची सूचना एवढीच आहे. आपल्या मंडळीच्या प्रत्येक सभासदानें आपल्या बांधावरील एक जुना रायवळ, मग तो फळो वा न फळो, आमरीसाठीं राखावा. पिकपाहणी आतां मोबाइलवर आपणच करतों आणि तींत बांधावरच्या झाडांची नोंद करण्याची सोय आहे; तेव्हां त्या झाडाची नोंद अवश्य करावी. बांडगूळ काढण्यापूर्वीं गड्यास दोन्ही वनस्पती हातांत घेऊन दाखवाव्या. आणि झाड पाडणें अपरिहार्य झालेंच तर करवत लावण्यापूर्वीं एक दिवस थांबून वरच्या आमऱ्या शेजारच्या झाडावर बांधाव्या. यांत कोणाचें उत्पन्न बुडत नाहीं.

आमच्या परसांतील आंब्यावर आम्हीं गेल्या मृगांत वाटेवर मोडून पडलेल्या एका फांदीवरची सीतेची वेणी आणून बांधली आहे. अद्यापि फूल आलेलें नाहीं, पण दोन नवीं मुळें सालीस चिकटलीं आहेत. केलेल्या चुकीची ही अल्पशी फेड. वाचकांपैकीं ज्यांच्या झाडावर ती अद्याप शाबूत आहे, त्यांस फेड करण्याचीही गरज नाहीं. त्यांनीं फक्त कोयता आवरावा.