निकाल अर्धाच मानणाऱ्यांसाठी : लाल किल्ला, उकसान आणि ‘आरोपी तिथे नव्हताच’

गांधीहत्या खटल्याविषयी दोन विधाने समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरत आहेत. पहिले असे की लाल किल्ल्यातील साक्षीदार पोलिसांनी पढवलेले होते आणि काही आरोपी तर त्या दिवशी दिल्लीत नव्हतेच. दुसरे असे की सावरकर निव्वळ तांत्रिक कारणाने सुटले. ही विधाने करणारे एकमेकांचे कट्टर विरोधक असतात, परंतु खोड दोघांचीही एकच. न्यायाधीश आत्माचरण यांचा १० फेब्रुवारी १९४९ चा निकाल दोघांनाही अर्धाच हवा असतो.

आधी कायदा पाहू. ‘ॲलिबी’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अन्यत्र’. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ११ मध्ये याचे उदाहरण आहे : गुन्हा कलकत्त्यात घडला आणि आरोपी त्या दिवशी लाहोरात होता. (लाल किल्ल्यात हे कलम लागू असताना लाहोर परदेशात गेलेले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात त्या जागी चेन्नई आणि लडाख आले आहेत.) शहरे एवढी दूरची निवडली ती उगाच नव्हे. मुळशीतील चांदे गावी सायंकाळी खून झाला आणि आरोपीने आपण त्या सायंकाळी पुण्यात होतो असे सांगितले, तर तेवढ्याने काही साधत नाही; पुण्याहून चांद्याला जाऊन परत येता येते. घटनास्थळी असणे अशक्यच होते, इतके दाखवावे लागते.

ते दाखवण्याचा भार १८७२ च्या कायद्याच्या कलम १०३ नुसार आरोपीवर असे. मात्र त्याचा बचाव कोसळला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, असे मुळीच नाही. आरोपी तेथे होता हे सरकार पक्षाने स्वतःच्या पुराव्यावर आधी उभे करायचे असते. बचावाचे साक्षीदारही सरकारी साक्षीदारांइतक्याच आदराने तपासले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने दूधनाथ पांडे प्रकरणात १९८१ मध्ये बजावले. म्हणजे ‘डोळ्यांनी पाहिले’ हे वाक्यही आपोआप जड ठरत नाही.

आता उकसान. चांद्याच्या शेजारच्या मावळ तालुक्यातले हे गाव म्हणजे गोडसे कुटुंबाचे मूळ गाव. नथुरामचे धाकटे बंधू गोपाळ गोडसे खडकीच्या लष्करी भांडारात नोकरीस होते. जानेवारी १९४८ मध्ये त्यांनी गावच्या शेतीचे काम सांगून सात दिवसांची रजा घेतली. २० जानेवारीला दिल्लीत बिर्ला भवनात मदनलाल पाहवाने स्फोट घडवला, तेव्हा आपण दिल्लीत नव्हतोच, असे त्यांचे न्यायालयातील म्हणणे होते. हा बचाव चांदे-पुणे जातीचा नव्हे, थेट कलकत्ता-लाहोर जातीचा. मावळ ते दिल्ली सुमारे १,४०० किलोमीटर. तो खरा ठरता तर गोपाळ गोडसे यांच्यापुरते सरकार पक्षाचे कथन तेथेच संपले असते. ३० जानेवारीबाबत नारायण आपटे आणि विष्णु करकरे यांनीही दिल्लीतील उपस्थिती नाकारली. आपटेंच्या बाबतीत तर हा प्रश्न जिवाचाच होता.

समोर साक्षीदार कोण होते? टॅक्सीचालक, बिर्ला भवनातील नोकरमाणसे, हॉटेलांतील आणि दिल्ली स्थानकाच्या विश्रांतीकक्षातील कर्मचारी. आरोपींशी त्यांचे ना वैर, ना ओळख. साक्षीदारांना आरोपी आधीच दाखवले गेले, हा बचाव पक्षाचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ओळखपरेडीतील तो नेहमीचा धोका आहे. परंतु वेगवेगळ्या ठिकाणची, वेगवेगळ्या धंद्यांतली माणसे एकाच दिशेला बोट दाखवत होती आणि अन्यत्र असल्याचे विश्वासार्ह प्रमाण समोर येत नव्हते. रजेचा अर्ज मनुष्य खडकीत नव्हता एवढेच सांगतो. तो उकसानला होता, हे नव्हे.

आणि येथेच दुसऱ्या गटाची पंचाईत होते. कारण माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे दोन्हीकडे एकच. दिल्लीतील हालचालींविषयी तो जे बोलला त्याला या परक्या माणसांनी दुजोरा दिला, म्हणून ते ग्राह्य ठरले. सावरकर सदनात काय बोलणे झाले याविषयी तो जे बोलला त्याला न्यायालयापुढे तसा स्वतंत्र दुजोरा आला नाही, म्हणून सावरकर निर्दोष सुटले. गुन्ह्यातील साथीदाराच्या एकट्या शब्दावर कोणाला दोषी धरू नये, हा फौजदारी न्यायातला जुना विवेक आहे. त्याला ‘तांत्रिक’ म्हणणाऱ्याने उद्या तोच विवेक स्वतःच्या माणसासाठी मागू नये. पुढे कपूर आयोगापुढे काय आले, हा निराळा विषय. आत्माचरण यांच्यासमोर ते नव्हते.

साक्षीदार सरसकट पढवलेले होते म्हणणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे. २१ जून १९४९ रोजी पंजाब उच्च न्यायालयाने दत्तात्रय परचुरे आणि शंकर किस्तय्या यांना सोडले. गोपाळ गोडसे, करकरे आणि आपटे यांची शिक्षा कायम राहिली. १९६४ मध्ये सुटका झाल्यावर गोपाळ गोडसे यांनी ‘गांधीहत्या आणि मी’ हे पुस्तक लिहिले. २० जानेवारीला आपण बिर्ला भवनात होतो, हे त्यांनी त्यात स्वतःच सांगितले आहे. उशिराच्या कबुलीने न्यायालयाची प्रत्येक पायरी बरोबर ठरत नाही, हे खरेच. पण जे हे पुस्तक प्रमाणग्रंथ म्हणून मिरवतात, त्यांनी किमान ती पाने तरी वाचावीत. सरकारने या पुस्तकाच्या प्रती जप्त करण्याचा आदेश काढला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो १९६९ मध्ये रद्द केला. तेव्हापासून ती पाने कोणालाही उघडता येतात.