पॅरिसमध्ये आठवलेला गोवा

सुटीत गोव्याला जाऊन आलेल्या घरात समुद्राचा एखादा फोटो हमखास असतो. निळे पाणी, चार माड, झाला गोवा! लक्ष्मण पै यांची चित्रे पाहिली की मात्र वाटते, तिथली माणसे आपण धड पाहिलीच नाहीत.

पै मडगावचे, जन्म १९२६ चा. लहानपणी मामांच्या फोटो स्टुडिओत ते कृष्णधवल फोटोंना रंग देत. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. सत्याग्रहात उतरल्यामुळे पैंना अटकही झाली होती.

१९५१ मध्ये ते पॅरिसला गेले आणि दहाएक वर्षे राहिले. चित्रकारांच्या त्या पंढरीत नव्या माणसाला तिथल्यासारखेच रंगवण्याचा मोह होणारच. पैंनी तिथले पुष्कळ घेतले, पण कागदावर उतरत राहिली ती गोव्याची साधी, कष्टाळू माणसे. ठसठशीत रेषा, सपाट रंग, बाजूने दिसणारे चेहरे आणि टपोरे डोळे! जिथे अटक झाली, त्याच भूमीची ही ओढ. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पुढे १९७७ पासून दहा वर्षे पै गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. २०१८ मध्ये पद्मभूषण मिळाले. २०२१ मध्ये गोव्यातच त्यांचे निधन झाले.

पुढच्या खेपेला गोव्याला गेलात, तर किनारा जरा राहू द्या. सकाळी मडगावच्या मासळीबाजारात जा आणि टोपलीमागे बसलेल्या बाईचा चेहरा बाजूने पाहा.