नरिमन पॉइंटची पांढरी इमारत : खरेदीनंतरचा हिशेब

मुंबईच्या मरीन ड्राइव्हचा अर्धवर्तुळाकार रस्ता दक्षिणेकडे जेथे संपतो, तेथे समुद्राकडे तोंड करून उभी असलेली एअर इंडियाची तेवीस मजली पांढरी इमारत ठाऊक नाही, असा मराठी वाचक विरळा. इंदूर, बडोदा, हैदराबाद येथील आपल्या वाचकांपैकी अनेकांनी मुंबई पाहण्याआधी ही इमारत पाहिलेली असते. हिंदी चित्रपटाच्या दिग्दर्शकाला नायक मुंबईत पोहोचला हे दाखवायचे झाले, की वर्षानुवर्षे कॅमेरा याच दिशेला वळत आला. ही इमारत १६०१ कोटी रुपयांना विकत घेण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने हस्तांतरणास संमती दिली. व्यवहार स्वस्त झाला की महाग, याची चर्चा पुष्कळ झाली. या वास्तूचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत मागे पडला. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

इमारतीच्या पायाखालची जमीन मूळची समुद्राची. बॅकबेचा उथळ उपसागर भरून काढण्याची प्रचंड योजना गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० नंतर हाती घेण्यात आली. एकूण ११४५ एकर जमीन समुद्रातून वर काढायची होती. प्रत्यक्षात भराव टिकेना, खर्चाचे अंदाज कोलमडले आणि लोकांनी या सगळ्या खटाटोपाला 'लॉइडसाहेबांचा वेडेपणा' असे नाव ठेवले. या कारभारातील गैरव्यवहारांवर ज्यांनी निर्भयपणे प्रहार केला, ते वकील व काँग्रेसचे नेते खुर्शेद फ्रामजी नरिमन. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरण्यात आला आणि त्यात ते निर्दोष सुटले. पुढे, १९३५-३६ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. ज्या भरावाचे वाभाडे त्यांनी काढले, त्याच योजनेच्या उर्वरित भागावर स्वातंत्र्योत्तर काळात उभ्या राहिलेल्या या टोकाला त्यांचेच नाव दिले गेले. नियतीचा असा विनोद आपल्याकडे क्वचितच पाहावयास मिळतो.

साठीच्या दशकाच्या अखेरीपासून येथे एकापाठोपाठ एक मनोरे उभे राहू लागले. तो काळ मुंबईत कार्यालयीन जागेच्या भुकेचा होता. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखांचे जाळे खेडोपाडी पसरू लागले आणि त्या विस्ताराचा कारभार हाकण्यासाठी मुख्यालयांना फोर्ट विभागातील जुन्या दगडी वास्तू अपुऱ्या पडू लागल्या. अनेक बँकांची केंद्रीय कार्यालये पुढे नरिमन पॉइंट परिसरात आली, ती त्यामुळेच. १९७२ मध्ये जोसेफ अ‍ॅलन स्टाइन यांनी आराखडा केलेला 'एक्स्प्रेस टॉवर्स' पूर्ण झाला. पाठोपाठ १९७४ मध्ये एअर इंडियाने आपले मुख्यालय येथे थाटले.

त्या वेळी एअर इंडिया हे नाव जगात दिमाखाने घेतले जाई. अध्यक्षपदी जे. आर. डी. टाटा होते. मुख्यालयाचे काम त्यांनी न्यूयॉर्कचे वास्तुविशारद जॉन बर्गी यांच्याकडे सोपवले. बर्गी यांचे ज्येष्ठ भागीदार फिलिप जॉन्सन यांनी पुढे याच परिसरातील 'एनसीपीए'चे टाटा थिएटर साकारले. ते १९८० मध्ये खुले झाले. थोडक्यात, अमेरिकेतील एकाच वास्तुशिल्प कार्यालयाची दोन अपत्ये मुंबईच्या एका टोकावर थोड्याच अंतरावर नांदत आहेत, आणि ही गोष्ट मुंबईकरांच्याही फारशी ध्यानात नसते.

वास्तू म्हणून हिचे मोठेपण कशात आहे? माझ्या दृष्टीने, संयमात. शेजारचे मनोरे काळे, तपकिरी, काचेचे, ही शुभ्र. दर्शनी भागावर नक्षी नाही, कमानी नाहीत. एकसारख्या खिडक्यांच्या ओळी आणि माथ्यावर धनुर्धारी नराश्वाचे बोधचिन्ह, एवढाच काय तो अलंकार. कोणार्कच्या चक्रातून बाण सोडणारा हा नराश्व रात्री चौपाटीवरूनही ओळखता येई. जाहिरातफलक आणि वास्तू यांचा इतका सुरेख मेळ नंतरच्या कोणत्याही कंपनीच्या इमारतीत मला आढळलेला नाही. वास्तूच्या आत तर एक कलादालनच वसले होते. हुसेन, रझा, गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारांच्या कृती एअर इंडियाने त्यांना मोठे नाव मिळण्याच्या काळापासून जमवल्या. हा संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्याचा करार २०२३ मध्ये झाला. संग्रहाला जाणकार पालक मिळाला, हे चांगलेच झाले. इमारतीच्या भिंती मात्र उघड्या पडल्या.

१२ मार्च १९९३ हा दिवस या वास्तूच्या इतिहासात वेगळा नोंदवावा लागतो. दुपारी शेअर बाजारापासून सुरू झालेल्या बॉम्बस्फोटांच्या मालिकेत या इमारतीच्या तळाशी मोटारीतील स्फोटकांचा स्फोट झाला. येथे वीस माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटाच्या जागेच्या वरच 'बँक ऑफ ओमान'चे कार्यालय होते. ते उद्ध्वस्त झाले. नेहमीप्रमाणे कामावर आलेली, टेबलावरची कागदपत्रे पुढे सरकवत बसलेली माणसे होती ती. आपण बँकवाले ही ओळ वाचून चटकन पुढे जाऊ शकत नाही. मनोरा मात्र ठाम उभा राहिला आणि पुन्हा कामाला लागला.

पुढची कहाणी ओहोटीची आहे. १९९५ च्या सुमारास ज्या नरिमन पॉइंटच्या जागा जगातील सर्वांत महाग कार्यालयीन जागांमध्ये गणल्या जात, तेथून वित्तसंस्था वांद्रे-कुर्ला संकुलाकडे निघाल्या. एअर इंडियाने २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलवले. जानेवारी २०२२ मध्ये विमान कंपनी टाटा समूहाकडे परतली, तेव्हा ही इमारत व्यवहारातून वगळून केंद्र सरकारच्या मालमत्ता कंपनीकडे ठेवण्यात आली होती.

आता हिशेबाकडे वळू. इमारतीचे क्षेत्र ४६,४७० चौरस मीटर, म्हणजे सुमारे पाच लाख चौरस फूट सांगितले जाते. त्यावर १६०१ कोटींचा भाव चौरस फुटाला सुमारे ३२ हजार रुपये पडतो. परंतु जमीन राज्य शासनाचीच, भाडेपट्ट्याने दिलेली. हस्तांतरणापोटी शासनाला येणे असलेले अनर्जित उत्पन्न व त्यावरील व्याज मिळून सुमारे २९८ कोटी रुपये या व्यवहारात माफ करण्यात आले. बँकेत बसणाऱ्या माणसाला सोडून दिलेले येणे हाही खर्चच वाटतो. तो धरला तर भाव ३८ हजारांच्या घरात जातो. एवढे करूनही मला हा सौदा योग्य वाटतो. जून २०१२ च्या मंत्रालयातील आगीनंतर अनेक विभागांना इतरत्र आसरा शोधावा लागला, भाड्याच्या जागांचा भार वाढत गेला. मंत्रालयापासून काही मिनिटांच्या अंतरावर सलग पाच लाख चौरस फूट पुन्हा चालून येणार नाहीत.

माझी चिंता दुसरीच आहे. आपल्याकडे शंभर वर्षांच्या दगडी इमारतीला वारसा म्हणून मान मिळतो, पन्नास वर्षांच्या काँक्रीटच्या इमारतीला मिळत नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील 'हॉल ऑफ नेशन्स' ही राज रेवल व महेंद्र राज यांची १९७२ ची असामान्य निर्मिती एप्रिल २०१७ मध्ये जमीनदोस्त झाली. साठ वर्षे पूर्ण झाली नाहीत म्हणून तिला वारसा म्हणता येत नाही, अशी भूमिका तेथे घेतली गेली. मरीन ड्राइव्ह व ओव्हल परिसरातील आर्ट डेको इमारतींचेही मोल जगाने २०१८ मध्ये, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षांनी मान्य केले. तोवर त्यांतील कित्येकींचे सज्जे बंदिस्त झाले होते. एअर इंडियाच्या इमारतीवर बुलडोझर येईल असे मी म्हणत नाही. सरकारी वास्तूंचा ऱ्हास वेगळ्या रीतीने होतो. एका केबिनसाठी खिडकीत वातानुकूलन यंत्र बसते, मग दहा बसतात, जिन्यात कपाटे येतात, आणि नूतनीकरणाच्या नावाखाली दर्शनी भागावर चकचकीत धातूचे पत्रे चढतात.

त्याहून गंभीर बाब संरचनेची आहे. खाऱ्या वाऱ्यातील क्षार काँक्रीटमध्ये हळूहळू झिरपतात आणि आतील सळईपर्यंत पोहोचले की ती गंजू लागते. गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा अधिक जागा व्यापते, त्यामुळे वरचे काँक्रीट आतून फुटून निघते. भिंत बाहेरून पांढरीशुभ्र दिसत असतानाही हे चालू असू शकते. मुंबईत तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्यानेच आवश्यक आहे. आपण गृहकर्ज देताना जुन्या सदनिकेच्या तपासणीचा अहवाल मागतो. येथे तर जनतेचे १६०१ कोटी रुपये आहेत. या इमारतीचा अहवाल जनतेला सहज वाचता येईल असा प्रसिद्ध व्हावा, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये. दुरुस्तीचे काम आराखड्याचा मूळ चेहरा जपणाऱ्या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली व्हावे आणि १९९३ च्या मृतांसाठी तळमजल्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी एक शिळा असावी.

आणि तळमजला लोकांना मिळावा. समुद्र दिसणारे वरचे मजले कोणत्या सचिवांना मिळणार याची कुजबुज होईलच, ती होऊ द्यावी. पण नांदेड, चंद्रपूर, सिंधुदुर्गाहून एका सहीसाठी येणारा माणूस आज प्रवेशपत्राच्या रांगेत उभा राहतो आणि मग विभाग शोधत हिंडतो. ज्या खिडक्यांवर त्याचे काम असते, त्या सर्व विभागांच्या खिडक्या येथे एका प्रशस्त दालनात आणता येतील. बसायला बाके, प्यायला पाणी आणि मराठीत स्पष्ट लिहिलेले फलक, एवढ्यानेही पुष्कळ काम होईल. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावते आणि विधान भवन स्थानक येथून जवळ आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सकाळी उतरलेल्या माणसाने दुपारपर्यंत काम उरकून संध्याकाळची परतीची गाडी गाठावी, इतपत सोय या पाच लाख चौरस फुटांत नक्कीच बसते.