सापाच्या पिल्लाला घर केवढं हवं?

दोस्तांनो, या आठवड्याला पत्रांच्या गठ्ठ्यातून एक भलताच प्रश्न निघाला. पोपट का बोलतो, मांजर उंचावरून पडलं तरी पायांवरच कसं उतरतं, असलं तुम्ही नेहमी विचारता. पण सहावीतल्या एका मैत्रिणीने चक्क सापाच्या पेटीची मापं लिहून पाठवली आहेत! तिचा मामा इंग्लंडला असतो. मामेभावाला दहाव्या वाढदिवसाला सापाचं पिल्लू मिळायचंय. आजी इकडे फोनवर "अगंबाई, वाढदिवसाला साप?" म्हणून कपाळाला हात लावून बसली आहे, आणि तिकडे मामाचं नि दुकानदाराचं जमत नाही. मामा म्हणतो, एकदाच चार फुटी पेटी घेऊ, पुन्हापुन्हा खर्च नको. दुकानदार म्हणतो, पिल्लू मोठ्या पेटीत घाबरतं, खाणंच सोडतं, आधी लहान घ्या. पत्राच्या शेवटी विचारलंय, "बाई, दोघांत खरं कोण?"

आधी पाहुण्याची ओळख करून घेऊ. हा आहे कॉर्न स्नेक. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, नारिंगी अंगावर तांबडे ठिपके. कॉर्न म्हणजे मका. त्याच्या पोटावरची काळी-पांढरी चौकट रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून हे नाव पडलं, असं काहीजण सांगतात. काहीजण म्हणतात, मक्याच्या कोठारात उंदीर खायला यायचा म्हणून. मला दोन्ही कारणं आवडतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू साधारण २० ते ३० सेंटीमीटरचं, आणि जाडीला तुमच्या पेन्सिलीएवढं. पुरा वाढलेला साप ९० ते १५० सेंटीमीटरचा.

आता उठा आणि सुतळी घेऊन या. नुसतं वाचून हा प्रश्न सुटायचा नाही. एक तुकडा २५ सेंटीमीटरचा कापा, हे पिल्लू. दुसरा १२० सेंटीमीटरचा, हा मोठा झालेला साप. मग खडूने जमिनीवर दोन आयत काढा. एक ६० सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद. दुसरा १२० सेंमी लांब आणि ६० सेंमी रुंद. (आईने नुकतीच फरशी पुसली असेल तर अंगणात काढा, माझं नाव सांगू नका.)

लहान आयतात पिल्लू ठेवून बघा. मजेत मावलं ना? आता मोठी सुतळी त्यात सरळ ठेवा. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी धरली तरी जेमतेम ६७ सेंटीमीटरच जागा मिळते. म्हणजे अर्धा साप बाहेर! मोठ्या आयतात तिरपं अंतर १३४ सेंटीमीटर भरतं. तिथे आपली सुतळी सरळ निजते.

साप सरळ निजतो कधी, तो तर वेटोळं करून बसतो, असं तुम्ही म्हणाल. साप पाळणारेही कित्येक वर्षं असंच म्हणत आले. पेटीची लांबी अधिक रुंदी म्हणजे सापाची लांबी, की झालं काम, असा एक ठोकताळा होता. त्या हिशेबाने आपल्या लहान पेटीत ९० सेंटीमीटरचा साप बसायला हवा. बसेल, पण अंग सैल सोडून लांब होता येणार नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉर्न स्नेक लहान आणि मोठ्या पेट्यांत ठेवून पाहिले आणि २०२१ साली ते प्रसिद्ध केलं. मोठ्या पेटीत साप अंग पूर्ण लांबवताना दिसले, आणि निवड करू दिली तेव्हा त्यांनी मोठ्या जागेत जास्त वेळ काढला. जागा मिळत नव्हती म्हणून बिचारे वेटोळं करत होते, आणि आपण समजलो त्यांना तेच आवडतं!

मग मामा जिंकला? थांबा, दुकानदारही अगदीच चूक नाही. रानात हे पिल्लू म्हणजे पक्ष्यांचा, मोठ्या सापांचा खाऊ. उघड्यावर दिसलं की संपलं. त्यामुळे ते सालींच्या फटीत, पालापाचोळ्याखाली, अंगाला चारी बाजूंनी काहीतरी टेकेल अशा जागी राहतं. रिकाम्या चार फुटी पेटीत त्याला सोडलं तर ते काचेला नाक घासत कडेकडेने फिरतं आणि खरंच खाणं सोडू शकतं. पण नीट विचार करा, ते कशाला घाबरलं? मोठेपणाला, की उघडेपणाला? शाळेत पहिल्या दिवशी आलेलं मूल मैदानाच्या मधोमध उभं राहत नाही, भिंतीला पाठ लावून उभं राहतं. त्यासाठी आपण मैदान लहान करत नाही.

तेव्हा पेटी मोठी असली तर ती भरायची. कोरडा पाला, झाडाच्या सालीच्या नळ्या, फांद्या, आणि पिल्लू जेमतेम मावेल अशी निदान दोन लपणं. दोन कशाला? तर साप आपल्यासारखा आतून गरम राहत नाही. ऊब हवी तर उबेत जातो, गार हवं तर गारव्यात जातो. म्हणून पेटीचं एक टोक ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दुसरं २४ च्या आसपास ठेवतात. लपायची जागा एकाच टोकाला असेल तर बिचाऱ्याला लपू की ऊब घेऊ, असा पेच पडतो. फार लहान डब्यात तर सगळीकडे एकच तापमान होतं, मग पळायचं कुठे? दोन्ही टोकांना एकेक तापमापक हवा आणि गरम करणाऱ्या दिव्याला किंवा गादीला तापमान सांभाळणारं यंत्र जोडलेलं हवं, नाहीतर पिल्लू भाजून निघतं. कात टाकायच्या दिवसांत ओलसर शेवाळ घातलेली एक डबीही लागते. हे सगळं साठ सेंटीमीटरमध्ये कोंबायला गेलं की हालायलाच जागा उरत नाही.

आता खरी गोम सांगते. ती मापाच्या पाटीवर लिहिलेली नसते. मोठ्या पेट्यांना पुढून बहुधा सरकत्या काचा असतात, आणि दोन काचांच्या मध्ये एक बारीक फट राहते. मोठ्या सापाला ती काहीच नाही. पिल्लाला ती दरवाजाच! वारा खेळायची भोकं आणि वायर आत घ्यायचं भोक, हेही तसंच. थंडीच्या देशात पिल्लू रात्री असं निसटलं की भिंतीमागे किंवा फरशीखाली जातं आणि बहुतेक गारठून मरतं. म्हणून मामेभावाला सांग, दुकानात जाताना खिशात पेन्सिल ने. ती ज्या फटीतून आत जाते त्या फटीतून पिल्लू बाहेर येतं.

तर माझा निकाल असा. फटी नीट बुजवता येत असतील, आणि मामा पेटी लपणांनी भरायला तयार असेल, तर मोठीच घ्यावी. फटी बुजत नसतील तर पहिले काही महिने घट्ट झाकणाचा, हवेची बारीक भोकं असलेला साठ सेंमीचा डबा चालेल. त्यात पिल्लाने खाल्लं की नाही हेही चटकन कळतं. पण ही सोय पिल्लूपणापुरतीच. दोन-तीन वर्षांत साप जवळजवळ पुरा वाढतो, तेव्हा मोठ्या पेटीचे पैसे आजच बाजूला काढून ठेवायचे. आणि सोबत हवी म्हणून दुसरं पिल्लू त्याच पेटीत घालायचं नाही. हे साप एकटे राहणारे आहेत, कधीकधी एकमेकांना खातातसुद्धा.

आणखी एक. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही. २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानेच तशी बंदी आहे. म्हणजे साप मामाच्या नावावर असणार, आणि त्याची हेळसांड झाली तर जाब मामाला द्यावा लागणार. कॉर्न स्नेक १५ ते २० वर्षं जगतो. मामेभाऊ तेव्हा तीस वर्षांचा बाप्या झालेला असेल!

पिल्लाकडे बघून घर ठरवलं की काय होतं, ते अमेरिकेतल्या फ्लोरिडात दिसतं. तिथे लोकांनी ब्रह्मदेशी अजगराची अर्ध्या मीटरची गोजिरवाणी पिल्लं हौसेने आणली. ती वाढत गेली, घरात मावेनात, आणि लोकांनी ती एव्हरग्लेड्सच्या दलदलीत सोडून दिली. १९९२ च्या चक्रीवादळात अजगर पैदा करणारी एक जागा मोडली, तिथलेही निसटले असं मानतात. आज त्या दलदलीत पाच मीटरच्या पुढचे अजगर सापडतात आणि ससे, रॅकून दिसेनासे झाले आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेने त्यांची आयातच बंद केली.

हे वाचून तुमच्यापैकी कुणाच्या मनात धामणीचं पिल्लू बरणीत ठेवायचं आलं असेल, तर आत्ताच सांगते, नाही! आपल्याकडचे साप पकडणं आणि पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. शिवाय पिल्लू कुणाचं हे ओळखताना भलेभले फसतात. बिनविषारी कवड्या आणि जहाल मण्यार यांच्यात मोठी माणसंही घोटाळा करतात, आणि मण्यारीच्या पिल्लालाही विष असतं. घरात साप दिसला तर लांब उभं राहून नजर ठेवायची, मोठ्यांना हाक मारायची. महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे, तो फोनजवळ लिहून ठेवा.

सुतळी मात्र फेकू नका. ज्यांच्या घरी काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश आहे, त्यांनी ती भांड्याच्या सगळ्यात रुंद भागात धरून मोजा. आज बोटाएवढा असलेला साधा गोल्डफिश नीट जागा मिळाली तर वीस सेंटीमीटरपर्यंत वाढतो. तेवढी दुसरी सुतळी कापा आणि भांड्यावर धरा. मग बघा, शेपटीचे किती फटकारे मारले की समोर काच येते. मापं पोस्टकार्डावर लिहून पाठवा, आणि मोठं भांडं आणू या म्हटल्यावर घरात कोण काय म्हणालं, तेही कळवा.