बांबोळीच्या रांगेतले ‘परके’

आमच्या सावंतवाडी-बांद्याकडे कुणाचं दुखणं मोठं आहे हे सांगायला रोगाचं नाव घ्यावं लागत नाही. "बांबोळेक न्हेल्यानी" एवढं म्हटलं की पुरे, ऐकणारा गप्प होतो. बांबोळी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. वाटेत पत्रादेवीला राज्य बदलतं, पण पोटदुखीला ते कळत नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे घरच्या ग्रुपवर परवा झालेली वादावादी. पणजीच्या आमच्या एका दादाने लिहिलं, "तुमच्या लोकांमुळे आम्हाला ओपीडीत उभं राहायला जागा नसते." तिथे मोठी माणसं होती म्हणून मी गप्प बसले. इथे बसणार नाही.

अपघात, सर्पदंश यांबद्दल दादाचीही तक्रार नाही. त्याला खुपतात ते ठरवून येणारे. हर्निया, गुडघा, केमोच्या फेऱ्या... तारीख घ्यायची, पहाटेची गाडी पकडायची, सोबत एक माणूस न्यायचा म्हणजे त्याचाही रोज बुडाला. हौस म्हणून कोण करतं हो हे? सावंतवाडीहून बांबोळी साठेक किलोमीटर. कोल्हापूर शंभराच्या वर आणि मध्ये आंबोलीचा घाट. पोटाला ताजे टाके असलेल्या माणसाने कुठल्या रस्त्याने घरी यावं, दादानेच सांगावं.

1 जानेवारी 2018 पासून गोवा सरकारने गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लावलं. त्याच वर्षी दोडामार्गात लोक आंदोलनाला उतरले. "आमच्या करातून चालणारं हॉस्पिटल" हा गोव्याचा मुद्दा खोटा नाही. गर्दीही खोटी नाही. पण हिशेब मांडायचाच तर पानभर मांडा. तिळारीचं धरण दोडामार्ग तालुक्यात, त्यासाठी उठलेली गावं सिंधुदुर्गातली, आणि पाणी मात्र गोव्यालाही जातं. गोव्याच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत आमची पोरं राबतात. बरं, मेडिकल कॉलेजातले डॉक्टर शिकतात ते रुग्णांवरच ना? की तिथे हर्नियाही डोमिसाइल बघून तपासतात? उलट गोव्यात ज्या उपचारांची सोय नाही त्यांसाठी गोव्याचे रुग्ण त्यांच्या सरकारच्या मेडिक्लेम योजनेतून राज्याबाहेर जातातच. जावंच त्यांनी! फरक एवढाच की त्यांचं सरकार त्यांच्यामागून पैसे पाठवतं.

आणि आमचं? माझा खरा राग तिकडे आहे, मुंबईकडे. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1981 मध्ये. सरकारी मेडिकल कॉलेज आलं 2021 मध्ये. चाळीस वर्षं! पोर्तुगीजांनी पणजीत वैद्यकीय शाळा काढली 1842 मध्ये, आजचं बांबोळी तिचीच वारसदार. परक्या राज्यकर्त्याला जे सुचलं ते आपल्या माणसांना सुचायला इतका वेळ का लागला, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही. (निवडणुकीतली भाषणं मोजू नका.) आणि कॉलेजची पाटी लागली म्हणजे दुसऱ्या दिवशी प्रत्येक आजाराचा तज्ज्ञ येऊन बसतो, असंही नसतं.

युरोपियन युनियनने 2011 मध्ये यासाठी कायदाच केला. शेजारच्या सदस्य देशात जाऊन ठरवून उपचार घ्या, घरी तुमच्या यंत्रणेने जेवढा खर्च केला असता तेवढा परत मिळेल. स्वर्ग नाही तो. आधी पैसे बहुधा रुग्णालाच भरावे लागतात, दवाखान्यात राहायचं असेल तर आधी मंजुरीही लागू शकते. पण रुग्ण सीमा ओलांडणारच, हे तिथे गृहीत धरलंय. तिथे देश वेगळे आहेत, भाषा वेगळ्या. आपल्याकडे बांद्याचा माणूस पेडण्याच्या माणसाशी आपल्याच बोलीत बोलतो आणि तरी खिडकीवर परका ठरतो. आयुष्मान भारतचं कार्ड दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं, हे चांगलंच. ज्याच्याकडे ते नाही त्याचं काय?

प्रत्येक केसपेपरवर पत्ता असतो. वर्षाअखेरीस सिंधुदुर्गचे पत्ते मोजा, बेरीज करा आणि बिल मंत्रालयात पाठवा. दादा, जागेसाठी भांडायचंच असेल तर ते बिल घेऊन तिकडे भांड, मीही येते सोबत. प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे घेऊन पहाटे चारला उठून आलेल्या म्हाताऱ्याच्या हातात ते का देतोस?