भित्यापाठी ब्रह्मराक्षस

'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिचा अर्थ 'घाबरू नकोस' एवढाच लावतो. आता 'घाबरू नकोस' म्हटल्याने आजवर कुणाची भीती गेली आहे का? पण राक्षस पाठी लागतो तो पळणाऱ्याच्या. माझ्या मते खरी गोम त्या पळण्यात आहे.

हिंजवडीतलं नेहमीचं उदाहरण घेऊ. क्लायंट कॉलवर बोलायची भीती वाटते, म्हणून एखादा म्यूटवर बसतो आणि सहकाऱ्याला पुढे करतो. कॉल संपला की हुश्श! पण 'गप्प बसलो म्हणून वाचलो' हा धडा मेंदू पाठ करून ठेवतो आणि पुढच्या वेळी भीती थोडी वाढूनच येते. मग हळूहळू प्रमोशन नको, ऑनसाइट नको, लग्नकार्यातली गर्दीही नको. भीती टाळता टाळता टू बीएचके आयुष्याची वन रूम किचन होऊन जाते.

थेरपीत याच्या उलट करतात. भीतीच्या पायऱ्या मांडायच्या आणि सोप्या पायरीपासून सुरुवात करायची. आधी कॉलवर नुसतं 'गुड मॉर्निंग', मग एक प्रश्न, मग पाच मिनिटांचा डेमो. छाती धडधडते, घाम फुटतो. तरी न पळता थांबलं, तर ती लाट बहुतेक वेळा आपोआप ओसरते. हे नुसतं वाचून पटत नाही, अनुभवावं लागतं.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हा प्रयोग १९व्या वर्षी स्वतःवरच केला होता. मुलींशी बोलायची भीती वाटायची, म्हणून तो न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभरात शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलला. एकीनेच भेटायचं कबूल केलं, आणि तीही आली नाही! पण आभाळही कोसळलं नाही. पुढे १९५५ च्या सुमारास त्याने स्वतःची उपचारपद्धती मांडली. कि. मो. फडके यांनी ती 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून मराठीत आणली. तिचं मर्म मराठीत एका अक्षरात मावतं: 'च'. 'मला नीट बोलता आलं तर बरं' ही इच्छा झाली. 'मला नीट बोलता आलंच पाहिजे' म्हटलं की पोटात गोळा!

भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी विंगेत उभी असलेली पोरं आठवा. हात गार पडलेले असतात, तरी एन्ट्री चुकत नाही. भीती जाईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर पडदा कधी उघडलाच नसता.

भीती हा बग नाही, तो अलर्ट आहे. काही अलर्ट खरे असतात, म्हणून सगळे बंद करून चालत नाही. कुठला खरा आणि कुठला उगाच वाजतोय, हे ओळखायला शिकायचं. एकट्याला जमत नसेल, तर समुपदेशकाकडे जावं. आणि हो, ऑफिसात 'डेंटिस्टकडे जातोय' सांगून गेलात तरी चालेल, पण जा. सरकारची टेली मानस ही हेल्पलाइनही आहे. १४४१६ वर फोन मोफत लागतो आणि मराठीतही बोलता येतं.

'भीती गेली की करीन' म्हणत राहिलो, तर ते काम राहूनच जातं. त्यापेक्षा भीतीला डबलसीट घ्यावं आणि निघावं. फक्त हँडल तिच्या हातात देऊ नये.